जमिनीपर्यंतची खिडकी

आईला जमिनीवर घेतलं तो सोमवार होता. सकाळी तिची नाडी हाताला लागेना. डॉक्टर आले. त्यांनी छातीला नळी लावली, काढली, नानांना बाहेर नेलं आणि काही सांगितलं. आत्याने फरशी शेणाने सारवली, तिच्यावर दर्भ पसरले, दर्भांवर घोंगडी घातली. नानांनी खांद्यांकडून आणि आत्याने पायांकडून धरून आईला पलंगावरून खाली ठेवलं. आत्याने तिच्या तोंडात गंगाजल घातलं, जिभेवर तुळशीचं पान ठेवलं. शेजारच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. पलंग उभा करून व्हरांड्यात नेला. संध्याकाळी कापडगिरणीचा भोंगा झाल्यावर आईने डोळे उघडले आणि चहा मागितला.

नाना म्हणजे माझे वडील. बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. ते नोकरीला लागले तेव्हा ते खातं ग्वाल्हेर संस्थानाचं होतं, मग मध्यभारताचं झालं, आणि मी सांगते आहे त्या दिवसांत ते आणखी कुणाचं तरी व्हायच्या बेतात होतं. राजधानी भोपाळला जाणार, कचेऱ्या जाणार, कोणाचं टेबल कुठे लागणार, याशिवाय खात्यात दुसरा विषय नव्हता. नानांना बदलीचा हुकूम आला होता. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं आणि उज्जैनच्या माधवनगरचं क्वार्टर आधी रिकामं करून, होतं तसं सरकारच्या ताब्यात द्यायचं होतं. घरात आम्ही चौघं होतो. नाना, आई, मी, आणि नानांची थोरली बहीण, माझी आत्या, जी विधवा झाल्यापासून आमच्याकडेच राहत होती. मी तेव्हा नववीत होते.

आई वाईची. लग्न होऊन माळव्यात आली तेव्हा, ती सांगायची, तिला पहिले काही महिने सारखं वाटायचं की कुणीतरी डोंगर उचलून नेलेत. आत्या उज्जैनची, पटनी बाजारात जन्मलेली. तिचे पणजोबा शिंद्यांच्या दफ्तरात होते, आणि तेव्हापासून घराण्यातल्या मराठीत हिंदी मिसळत आली होती. आईचा आणि तिचा रोजचा वाद भाषेवरून आणि वरणावरून असे. "वन्सं, 'मी बोलली' नाही, 'मी म्हणाले'," आई म्हणायची. आत्या चुलीपुढून उत्तर द्यायची, "मी बोलली तरी तुला समजलं ना? मग झालं. ये आता, बाफले थंडे होतात." बाफल्यांवर, त्या उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांवर, तूप ओतताना आत्याचा हात सैल सुटायचा, आणि आई एक बाफला चार वेळा पिळून खायची. ही भांडणं मला त्या घराच्या आवाजांपैकी एक वाटत. दुसरा आवाज पिठाच्या गिरणीचा, तिसरा टॉवरच्या घड्याळाचा, जो वारा तिकडून असला तरच ऐकू यायचा.

विषमज्वरातून उठल्यावर आईचं हृदय सुजलं आणि ती पलंगावर पडली. वर्ष होऊन गेलं होतं. ती ज्या खोलीत असायची तिला एकच खिडकी होती, गल्लीच्या बाजूची. खिडकीची खालची कड जमिनीपासून साडेतीन फुटांवर. सगळ्या क्वार्टरांना तशीच, कारण नमुन्याच्या नकाशात तशी होती. उभ्या माणसाला तिच्यातून सगळी गल्ली दिसायची. खुर्चीवर बसलेल्याला समोरच्या घराचं छप्पर. पलंगावर पडलेल्या आईला कडुलिंबाचा शेंडा आणि आकाश. तिने बरेच महिने काही तक्रार केली नाही. मग एकदा नाना कचेरीतून आले तेव्हा म्हणाली, "मला उजेड पुष्कळ आहे हो. मला येणं-जाणं दिसत नाही."

आत्याचं मत वेगळं होतं. "खिडकी उजेडासाठी असते," ती म्हणाली. "बघण्यासाठी ओसरी आहे. आणि बाई माणसाला रस्त्यावरच्या लोकांनी बघावं कशाला?"

"मी बघणार आहे, वन्सं. मला कोण बघतंय?"

नानांनी दुसऱ्या दिवशी पलंगाच्या चारी पायांखाली विटा घातल्या. पलंग वर गेला आणि आईला माणसांची डोकी दिसायला लागली. पूर्ण माणूस नाही, डोकीच. दूधवाल्याची पगडी, पोस्टमनची टोपी, शेजारच्या मिश्राइन चाचींचा पदर, शाळा सुटल्यावर मुलांचे फक्त उडणारे हात. आई डोक्यांवरून माणसं ओळखायला शिकली. मी शाळेतून आले की सांगायची, "आज टोपीवाला दोनदा गेला. दुसऱ्यांदा टोपी नव्हती." आम्ही दोघी त्या टोपीचं काय झालं असेल यावर बराच वेळ घालवायचो. मी पुढे आयुष्यभर पुस्तकांच्या संगतीत राहिले, पण अर्धवट दिसलेल्यावरून उरलेलं रचण्याची सवय मला पुस्तकांनी लावली असं म्हणवत नाही.

त्या सोमवारी आई खाली आली आणि हे सगळं थांबलं. चहा पिऊन ती झोपली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, नाडी बघितली, आणि थोडे ओशाळून म्हणाले की नाडी आहे, पण किती दिवस ते सांगता येणार नाही. ते गेल्यावर नाना व्हरांड्यातला पलंग आत आणायला निघाले. आत्या दारात उभी राहिली.

"दत्तू, ते नको."

"का? ती बरी आहे. फरशी गार आहे."

"एकदा जमिनीवर घेतलेलं माणूस वर चढवत नाहीत. तोंडात गंगाजल-तुळस घालून झालेली आहे. घरातल्या दुसऱ्या कुणावर येतं ते."

नाना शिकलेले होते. असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता आणि ते तसं म्हणालेही असते. पण आतून आईच बोलली. तिचा आवाज फार लहान झाला होता, तरी शब्द नीट येत होते. "मी चढणार नाही. माझ्यापायी पोरीवर काही यायला नको."

"काही येत नाही," नाना म्हणाले.

"येत नसेल. मी चढणार नाही."

आत्याने त्या दिवशी आईला दुसऱ्या घोंगडीची घडी घालून दिली, अंगाखाली रजई सरकवली, उशाला दोन लोड लावले. घाई झाली हे तिला कळत होतं, पण ते बोलून दाखवण्याची तिची पद्धत नव्हती. त्या रात्री तिने आईच्या आवडीचं पातळ वरण केलं, गूळ न घालता.

खालून खिडकी म्हणजे भिंतीतला एक चौकोन होता, ज्यात काही नव्हतं. कडुलिंबाचा शेंडाही नाही. दुपारी उन्हाचा एक तुकडा समोरच्या भिंतीवर पडायचा, सरकत कोपऱ्यात जायचा आणि मोडायचा. आई तो बघत राहायची. गल्लीतले आवाज पूर्वीसारखे येत होते, पण ते आता तिच्या डोक्यावरून जात. मला आठवतं, पोस्टमनची सायकल वाजली तेव्हा सवयीने तिने मान खिडकीकडे वळवली आणि मग परत छताकडे केली. ती बोलायची कमी झाली. एकच खोली, एकच खिडकी, आणि माणूस हातभर खाली आला तर खोली विहिरीसारखी होते, हे मी तेव्हा तिच्या शेजारी आडवी पडून बघितलं. ती म्हणाली, "अशी नको पडूस. ऊठ."

शनिवारी नाना जेवायला तिच्या खोलीतच ताट घेऊन बसले. "पलंग आणू का?" त्यांनी पुन्हा विचारलं. त्या आठवड्यात ते रोज एकदा विचारत.

"नाही म्हटलं ना. मी वर येत नाही." मग ती थोडी हसली. "त्या खिडकीला म्हणावं, तूच ये खाली."

ती थट्टा होती. आत्याही हसली, मी हसले. नाना हसले नाहीत. ते भात कालवायचे थांबले आणि खिडकीकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्लॅनमध्ये खिडकीला उंची नसते, माहीत आहे? वरून बघितलेलं घर असतं ते. भिंतीच्या दोन रेघा, आणि मध्ये जिथे खिडकी तिथे आणखी बारीक रेघा. ती जमिनीपासून किती वर आहे, कुणाला दिसणार आहे, त्यात काही नसतं. ते उभ्या छेदात दिसतं, घर वरपासून खालपर्यंत कापून दाखवतात त्यात. मी इतकी वर्षं प्लॅनच काढले. छेद दुसरे लोक काढायचे."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. जेव."

रविवारी सकाळी ते कुठूनतरी छिन्नी आणि हातोडा घेऊन आले. आईला घोंगडीसकट स्वयंपाकघरात सरकवलं, जमिनीवरून जमिनीवर, त्यामुळे त्याला कुणाची हरकत नव्हती. खिडकीखालच्या भिंतीवर त्यांनी पेन्सिलने दोन उभ्या रेघा मारल्या, पट्टी लावून, कचेरीतल्यासारख्या. मग पहिला घाव घातला. त्यांनी खिडक्या शेकड्यांनी काढल्या असतील, पण भिंतीला हात लावलेला नव्हता. हातोडा छिन्नीवर कमी आणि बोटावर जास्त बसत होता.

"अरे दत्तू, सरकारी भिंत आहे ती! पागल झालास का? घर पडेल!"

"पडत नाही, अक्का. खिडकीखालच्या भिंतीवर भार नसतो. भार वरच्या तुळईवर असतो. खालची भिंत नुसती बसलेली असते."

"आणि साहेब काय बोलेल?"

"बोलेल ते ऐकू."

बाहेरून मिश्राइन चाचींचा आवाज आला. "अरे जिज्जी, भाईसाहब दीवार काहे को तोड़ रहे हैं? भोपाल क्या भीत में से जाएँगे?"

आत्या ओरडली, "जाएँगे तो तुमको बोल के जाएँगे!" आणि मग खालच्या आवाजात मला म्हणाली, "दार लाव. अख्खी गल्ली येईल तमाशा बघायला."

दुपारपर्यंत नानांनी दीडेक फूट भिंत उतरवली होती. ते थांबले, घाम पुसला, आणि कड सारखी करायला लागले. त्यांच्या मनात, मला वाटतं, खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हिशेब होता. जुन्या हवेलीपासून नव्या बंगल्यापर्यंत येताना, घरात खुर्च्या आल्या तशा, खिडक्या त्याच हिशेबाने वर गेल्या होत्या. आत्या तोंडाला पदर लावून धुळीत उभी होती. ती खिडकीकडे बघत होती, मग जमिनीकडे. मग म्हणाली, "इथे का थांबलास?"

"इतकी पुरे."

"कुणाला पुरे? झोपलेल्या माणसाला अर्धी खिडकी कशाला? आपल्या पटनी बाजारच्या माडीवर खिडकी कुठे होती, विसरला तू? जमिनीला टेकलेली. सतरंजीवर बसलं की कोपर खिडकीच्या उंबऱ्यावर यायचं. देवाची सवारी निघाली की आम्ही पोरी पोटावर पडून बघायचो. घरात खुर्ची नव्हती ना, म्हणून." ती खाली बसली, एक सुटी वीट उचलली आणि बाजूला ठेवली. "सगळी काढ. लावला हात तर सगळी काढ."

संध्याकाळी भिंतीत दारासारखी फट झाली होती, वरच्या अर्ध्यात गज आणि खालच्या अर्ध्यात काही नाही. विटांचे तुटके दात दोन्हीकडून बाहेर आले होते. नानांना ते दिसायला खटकत होतं, ते पुन्हा पुन्हा त्यावर हात फिरवत. आम्ही खोली धुतली आणि आईला परत आणलं. आत्याने आईचं डोकं खिडकीच्या बाजूला केलं. आईने मान गल्लीकडे वळवली. मग म्हणाली, "अगं बाई. पाय."

डोकी गेली होती आणि पाय आले होते. क्वार्टरचं जोतं गल्लीपेक्षा जेमतेम वीतभर उंच, त्यामुळे आडव्या पडलेल्या तिच्या डोळ्यांसमोरून माणसं गुडघ्यांपर्यंत जात. पोस्टमनच्या चपलेचा एक अंगठा दोरीने बांधलेला होता. मिश्राइन चाची, ज्यांचा पदर आईने वर्षभर बघितला होता, जोडवी फक्त एकाच पायात घालत. दूधवाला थोडा लंगडायचा. शाळेतून येणाऱ्या मुलांचे हात जिथे उडायचे, तिथे आता गोट्या, लोळणारे लट्टू आणि नालीत पडलेला चेंडू होता. कोंबड्या संपूर्ण दिसत. कुत्रं संपूर्ण दिसे, आणि ते आईकडे बघत बसे. दुपारी ऊन फरशीवरून सरपटत थेट तिच्या हातापर्यंत यायचं. खोली तीच होती, आमच्या तिघांसाठी काही फारसं बदललं नव्हतं. उभ्या माणसाला ती तुटकी भिंत नुसती कुरूप वाटायची. पण खाली बसलं की खोलीची एक बाजू गल्लीत उतरल्यासारखी वाटे. मी त्या दिवसांत अभ्यास जमिनीवर बसून करायला लागले.

आत्याने तिच्या ट्रंकेतली भैरवगडची छापील चादर काढून अर्ध्या फटीवर बांधली, लोकांनी बघू नये म्हणून. आईने ती रोज हाताने बाजूला सारायची आणि आत्याने रोज परत ओढायची. एका दुपारी चादरीखालून शेळीने तोंड घातलं. आई झोपली होती. शेळीने आधी चादरीचा कोपरा चघळून बघितला, मग आत येऊन उशाशी ठेवलेली द्रोणातली जिलबी उचलली. आत्या लाटणं घेऊन धावली. "बकरी आली! घ्या आता! उद्या गाढव पण येईल, दत्तूने दार उघडून ठेवलं आहे सगळ्यांसाठी!" आई जागी झाली, तिने शेळीच्या तोंडातली जिलबी बघितली आणि हसायला लागली. हसताना तिला धाप लागली तरी ती थांबली नाही. "वन्सं," ती म्हणाली, "पाहुणे आहेत. लाटणं ठेवा." तिचं ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

क्वार्टरची पाहणी करायला साहेब आले ते धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी. आम्हाला त्यांची भीती होती, कारण नानांच्या नोकरीची पुढची सगळी पत्रं त्यांच्या सहीने जाणार होती. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग नानांकडे. "मोघेजी, ये क्या है? नक्शे में तो नहीं है."

"नहीं है, साहब," नाना म्हणाले.

आत्या पदर सावरून आडोशाला उभी होती. तिथूनच तिने आईकडे बोट केलं. "साहेब, नकाशात ही पण नाहीये."

साहेबांनी तेव्हा खाली बघितलं. त्यांच्या बुटांपासून दोन हातांवर आई होती, जागी, आणि त्यांच्या बुटांकडे बघत होती. साहेब एकदम मागे सरकले, बूट काढावेत की नाही हे त्यांना कळेना. शेवटी ते व्हरांड्यात जाऊन म्हणाले, "कब्ज़ा देने से पहले इसे पहले जैसा कर दीजिए." नाना हो म्हणाले. ते गेल्यावर आई म्हणाली, "बूट नवे आहेत. चावतात त्यांना. बाहेरच्या कडेवर चालतात."

दिवाळी झाली. मध्यभारत संपला आणि नवं राज्य सुरू झालं, आणि नानांनी भोपाळला हजर व्हायची मुदत वाढवून घेतली. कचेरीवरची पाटी बदलायला माणूस शिडी घेऊन जाताना आईला त्याची शिडी ओढत नेल्याची रेघ मातीत दिसली, आणि ती काय आहे हे मी तिला सांगितलं. त्यानंतर थोड्या दिवसांनी दुपारी ती गेली. आत्या स्वयंपाकघरात होती, मी शेजारी वाचत होते. चादर बाजूला सारलेली होती. मी हाक मारली तेव्हा आत्या आली, तिने नाडी बघितली, यावेळी बराच वेळ बघितली, आणि खाली बसली. आई आधीच जमिनीवर होती. करायचं काही उरलं नव्हतं.

तेरावा झाल्यावर नानांनी गवंडी बोलावला. विटा घरात होत्या, पण बऱ्याच तुटल्या होत्या, म्हणून नव्या आणाव्या लागल्या. नाना जवळ उभे राहून साडेतीन फूट मोजून घेत होते. गिलावा झाला, चुना झाला, ताबा दिला. भोपाळला आम्हाला मिळालेल्या घराच्या खिडक्या मोठ्या होत्या आणि आत्या त्यांना नावं ठेवत राहिली. नानांनी नोकरी संपेपर्यंत नकाशांचंच काम केलं. एवढंच की साहेबांना सांगून त्यांनी छेद काढायचं काम मागून घेतलं, आणि मिळालं. आत्या आधी गेली, नाना नंतर. दोघंही दवाखान्यात, पलंगावर. नानांच्या पलंगावरून खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. मी पलंगाची दिशा बदलून मागितली, पण ऑक्सिजनची नळी तेवढी लांब नव्हती.

मी नोकरीला उज्जैनलाच परत आले, आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिले. माझा फ्लॅट फ्रीगंजला आहे. खिडक्या सरकत्या आहेत, बिल्डरने ठेवल्या त्या उंचीवर. गुडघ्यांमुळे मला आता जमिनीवर बसता येत नाही, तेव्हा खुर्चीवरून जे दिसतं ते बघते.

क्वार्टरं अजून उभी आहेत, म्हणजे त्यातली काही. मागच्या थंडीत मी जाऊन आले. आमच्या घरात राहणाऱ्या बाईंनी मला आत घेतलं, चहा दिला. त्या खोलीत आता त्यांची मुलगी टेबलाशी बसून परीक्षेचा अभ्यास करत होती. मी भिंतीकडे बघते आहे असं पाहून बाई संकोचल्या. "क्या करें आंटी, हर साल पुतवाते हैं. हर बारिश में फिर आ जाता है."

खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांपासून जमिनीपर्यंत दोन सरळ चिरा आहेत. एवढं राहिलं आहे.